व्हर्च्युअल मशीनचे स्टोरेज आणि त्यावरची देखरेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः व्हीएमवेअर व्हीस्फिअरची आहेत आणि जेथे फरक पडतो तेथे प्रॉक्समॉक्सचाही उल्लेख केला आहे. ही दोन्ही एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी सॉफ्टवेअरे आहेत, आणि डेटास्टोअर म्हणजे व्हीएमच्या डिस्क ज्या साठ्यात राहतात तो.

व्हीएमच्या आत २०० जीबी मोकळी दिसते, तरी डेटास्टोअर भरत आल्याचा इशारा का येतो?

कारण एकाच जागेचा हिशेब तीन ठिकाणी, तीन वेगळ्या वह्यांत लिहिला जातो. पहिली वही व्हीएमच्या आतल्या फाइल सिस्टिमची, दुसरी हायपरव्हायझरची (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आणि तिसरी खालच्या स्टोरेज ॲरेची (अनेक डिस्क असलेल्या सामायिक साठवण यंत्राची). आतल्या विंडोजने किंवा लिनक्सने एखादी मोठी फाइल पुसली की ती प्रणाली फक्त स्वतःच्या वहीत ‘हे ब्लॉक आता मोकळे’ अशी नोंद करते. हायपरव्हायझरच्या दृष्टीने मात्र ते ब्लॉक एकदा दिले ते दिलेच. त्यामुळे वर्षभर फाइली येत-जात राहिल्या की थिन डिस्क (वापराल तेवढीच जागा घेणारी) हळूहळू फुगते, आणि आत निम्मी जागा रिकामी असूनही बाहेर ती पूर्ण आकाराला पोहोचलेली दिसते.

ही मोकळीक खालपर्यंत कळवण्यासाठी ट्रिम किंवा अनमॅप नावाचा निरोप पाठवावा लागतो. व्हीस्फिअर ६.५ बरोबर २०१६ मध्ये आलेल्या व्हीएमएफएस-६ या डेटास्टोअरच्या फाइल सिस्टिममध्ये डेटास्टोअरकडून ॲरेकडे हा निरोप आपोआप आणि सावकाश जातो. व्हीएमएफएस-५ वर तो हाताने आज्ञा देऊन पाठवावा लागत असे, आणि जुने डेटास्टोअर अजून त्याच स्वरूपात चालवणाऱ्यांना आजही तेच करावे लागते. लिनक्सच्या आत एफएसट्रिमचा आठवड्यातून एकदा चालणारा टायमर सुरू आहे ना, हे तपासावे. प्रॉक्समॉक्सवर व्हीएमच्या डिस्कपुढचा ‘डिस्कार्ड’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर आतून कितीही ट्रिम केले तरी खाली काहीही पोहोचत नाही. जागा परत न मिळण्याचे मी पाहिलेले सर्वांत सामान्य कारण हेच, एक न टिचकवलेला चौकोन.

डिस्क थिन ठेवावी की थिक?

थिन डिस्क म्हणजे वापराल तेवढीच जागा घेणारी, आणि थिक म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण जागा अडवून बसणारी. थिकमध्येही दोन प्रकार आहेत : एकात ब्लॉक पहिल्या लेखनाच्या वेळी शून्याने भरले जातात, दुसऱ्यात डिस्क तयार करतानाच सगळे भरून घेतले जातात. वेगाच्या मुद्द्यावर थिनला नावे ठेवण्याची पद्धत फिरत्या डिस्कच्या काळातली आहे. आजच्या फ्लॅश ॲरेवर तो फरक बहुतेक कामांत जाणवत नाही. खरा प्रश्न वेगाचा नसून उधारीचा आहे. १० टीबीच्या डेटास्टोअरवर १७ टीबीच्या डिस्क वाटून ठेवल्या असतील, तर आपण ७ टीबी उधार दिले आहेत, आणि सगळ्या घेणेकऱ्यांनी एकाच महिन्यात वसुली मागितली तर ते कोठून आणणार, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

माझे मत असे की थिन बिनधास्त वापरावे, परंतु उधारीचे प्रमाण दर महिन्याला कोठेतरी लिहून ठेवावे. ॲरेसुद्धा आतून थिन असेल, म्हणजे थिनवर थिन असेल, तर दोन्ही पातळ्यांवर इशारे लावणे अनिवार्य आहे. डेटास्टोअर ६० टक्के भरलेला दिसत असताना खालचा पूल (ॲरेचा एकत्रित साठा) १०० टक्के भरू शकतो, आणि त्या वेळी व्हीसेंटर (व्हीस्फिअरचे मध्यवर्ती नियंत्रण) आपल्याला शेवटच्या क्षणापर्यंत हिरवा दिवा दाखवत राहते.

डेटास्टोअर पूर्ण भरला तर नेमके काय होते?

ज्या व्हीएमला लिहिण्यासाठी नवा ब्लॉक हवा असतो आणि तो मिळत नाही, ते व्हीएम जागच्या जागी थबकते आणि व्हीसेंटरमध्ये एक प्रश्न उभा राहतो : जागा मोकळी करून पुन्हा प्रयत्न करायचा, की रद्द करायचे? ज्यांच्या डिस्क थिक आहेत आणि ज्यांच्यावर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणी गोठवलेली स्थिती) नाही, ती व्हीएम मात्र काहीच झाले नसल्यासारखी चालू राहतात. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत हा स्टोरेजचा प्रश्न आहे असे कोणाच्या लक्षात येत नाही. निम्मे सर्व्हर चालू आणि निम्मे बंद पाहून सगळे नेटवर्कच्या मागे लागतात.

आमच्या एका जुन्या नोकरीत महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी हिशेबाचा सर्व्हर असाच थबकला. डेटास्टोअरमध्ये मोकळी जागा शून्य. यादी आकारानुसार लावली तेव्हा त्याच सर्व्हरच्या फोल्डरमध्ये शेवटी शून्ये आणि एक असा अनुक्रमांक असलेली सहाशे जीबीची डेल्टा फाइल (स्नॅपशॉटनंतरचे लेखन साठवणारी) सापडली. बॅकअप सॉफ्टवेअरने १९ दिवसांपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट ते काढायला विसरले होते. साहजिकच कोणीतरी म्हणाले, ‘स्नॅपशॉट डिलीट करा, जागा होईल.’ येथेच खरी मेख आहे. स्नॅपशॉट काढणे म्हणजे डेल्टामधला मजकूर मूळ डिस्कमध्ये मिसळणे, आणि मूळ डिस्क थिन असेल तर मिसळताना तीच आधी वाढते. म्हणजे जागा मोकळी करण्यासाठी आधी जागा हवी.

शेवटी सुटका एका चाचणीच्या व्हीएममुळे झाली. ३२ जीबी मेमरी दिलेल्या त्या व्हीएमला मेमरीचे आरक्षण नव्हते, आणि आरक्षण नसलेले व्हीएम चालू असताना त्याच्या मेमरीएवढी स्वॅप फाइल डेटास्टोअरवर अडवून ठेवते. ते बंद करताच ३२ जीबी हाताशी आले. थबकलेल्या सर्व्हरला ‘पुन्हा प्रयत्न’ असे उत्तर देऊन तो चालू केला, बंद केलेले चाचणीचे व्हीएम आणि आणखी दोन लहान व्हीएम दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवून पुरेशी जागा केली आणि मग कन्सॉलिडेशन (डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळण्याचे काम) लावले. ते पहाटे संपले. तेव्हापासून मी प्रत्येक डेटास्टोअरवर ३० जीबीची एक निरुपयोगी थिक डिस्क मुद्दाम ठेवतो. अडचणीच्या वेळी डोळे मिटून पुसता येईल अशी ती एकमेव वस्तू असते.

स्नॅपशॉट घेतला आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?

स्नॅपशॉट ही प्रत नसते. त्या क्षणी मूळ डिस्क गोठवली जाते आणि पुढचे सगळे लेखन वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये होते. मूळ डिस्क खराब झाली की वरचे सगळे स्नॅपशॉट कवडीमोलाचे ठरतात. व्हीएमवेअरच्या मर्यादेनुसार एका साखळीत ३२ स्नॅपशॉट राहू शकतात, पण कंपनीचीच शिफारस दोन ते तीन ठेवण्याची आणि एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक न ठेवण्याची आहे. तीन दिवसांपेक्षा जुन्या स्नॅपशॉटची यादी रोज सकाळी मेलने येईल अशी छोटी स्क्रिप्ट लावणे हे या संपूर्ण पानावरचे सर्वांत स्वस्त काम आहे. त्या यादीत ‘कन्सॉलिडेशन आवश्यक’ असा शेरा असलेली व्हीएमही धरावीत, कारण कधीकधी स्नॅपशॉटच्या खिडकीत काहीच दिसत नाही आणि डेल्टा फाइल मात्र खाली वाढत असते.

प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर यंत्रणा वेगळी, पण परिणाम तोच : स्नॅपशॉटने धरून ठेवलेले ब्लॉक, आत फाइल पुसली आणि ट्रिमही केले तरी सुटत नाहीत.

जागा भरपूर आहे, तरी सर्व्हर रखडत चालतो. कोठून पाहायला सुरुवात करावी?

जागेचा हिशेब आणि वेळेचा हिशेब पूर्णपणे वेगळे आहेत, आणि वेळेचा हिशेबही पातळीनुसार बदलतो. ईएसएक्सआय होस्टवर (व्हीस्फिअरचा हायपरव्हायझर असलेल्या सर्व्हरवर) ईएसएक्सटॉप ही आज्ञा चालवून ‘यू’ ही कळ दाबली की प्रत्येक स्टोरेज उपकरणापुढे वाचन-लेखनाला लागणारा वेळ मिलिसेकंदांत दिसतो. त्यातला ‘डीएव्हीजी’ म्हणजे होस्टमधून बाहेर पडल्यापासून ॲरेकडून उत्तर येईपर्यंतचा वेळ, ‘केएव्हीजी’ म्हणजे होस्टच्या कर्नलमध्येच गेलेला वेळ, आणि ‘जीएव्हीजी’ म्हणजे या दोहोंची बेरीज, जी व्हीएमला प्रत्यक्ष सोसावी लागते.

डीएव्हीजी सतत २० ते २५ मिलिसेकंदांच्या वर असेल, तर दोष ॲरेत, त्याच्या डिस्कमध्ये किंवा मधल्या नेटवर्कमध्ये शोधावा. केएव्हीजी मात्र जवळपास शून्य असायला हवा. तो २ मिलिसेकंदांच्या वर राहू लागला तर विनंत्या होस्टच्याच दारात रांग लावून उभ्या आहेत असे समजावे, आणि क्यूची खोली (रांगेत एका वेळी मावणाऱ्या विनंत्या) किंवा एकाच उपकरणावर कोंबलेली व्हीएम तपासावीत. दोन्ही आकडे उत्तम असूनही वापरकर्ते तक्रार करत असतील, तर दोष बहुधा व्हीएमच्या आत आहे : एखादी निर्देशांक नसलेली डेटाबेस क्वेरी, किंवा अपुऱ्या मेमरीमुळे चाललेले आतले स्वॅपिंग. ॲरेच्या विक्रेत्याला फोन करण्यापूर्वी हे तीन आकडे हातात असले की अर्धा वाद तेथेच मिटतो.

पुष्कळदा मूळ गणितच चुकलेले असते. ७२०० फेऱ्यांची एक डिस्क सेकंदाला साधारण ८० यादृच्छिक वाचन-लेखने पेलते. अशा १२ डिस्क म्हणजे कागदावर ९६०. परंतु रेड-६ मध्ये (दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकवणाऱ्या रचनेत) एका लेखनासाठी खाली सहा क्रिया होतात. कामात ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन धरले, तर ९६० ला २.५ ने भागावे लागते आणि हाती उरतात ३८४. त्यावर वीस व्हीएम बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला १९ येतात. शिवाय प्रत्येक व्हीएम आपापल्या परीने ओळीने वाचत असले, तरी वीस जणांच्या ओळी एकत्र मिसळल्यावर खाली पोहोचते ते सगळे अस्ताव्यस्तच. रात्री बॅकअप आणि अँटिव्हायरस एकाच वेळी लावणाऱ्यांना याचा अनुभव असतोच.

आलेखात काहीच दिसत नाही, मग वापरकर्ते तक्रार का करतात?

सरासरीमुळे. व्हीसेंटर दर २० सेकंदांची मोजणी फक्त एक तास ठेवते. त्यानंतर एका दिवसासाठी ५ मिनिटांची, आठवड्यासाठी ३० मिनिटांची, महिन्यासाठी २ तासांची आणि वर्षासाठी एका दिवसाची सरासरी उरते. समजा, सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे प्रतिसादाचा वेळ २०० मिलिसेकंदांवर गेला आणि एरवी तो २ होता. ५ मिनिटांच्या सरासरीत तो ८१ दिसेल, ३० मिनिटांच्या सरासरीत १५, आणि २ तासांच्या सरासरीत जेमतेम ५. पुढच्या आठवड्यात तक्रारीची चौकशी करायला बसलेल्या माणसाला त्या सकाळी काही घडलेच नव्हते असे दिसते, आणि तो तसे लिहूनही टाकतो.

यासाठी मोजणी बाहेर साठवावी. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएमवेअरसाठी तयार साचे आहेत. प्रोमिथियस (आकडे साठवणारे) आणि ग्राफाना (आलेख काढणारे) ही जोडीही चालते, मात्र प्रोमिथियस काही न सांगितल्यास फक्त १५ दिवसांची माहिती ठेवते, हे लक्षात ठेवून मुदत आधीच वाढवावी. प्रॉक्समॉक्स स्वतःच इन्फ्लक्सडीबी किंवा ग्राफाइटकडे आकडे पाठवू शकते. प्रतिसादाच्या वेळेची सरासरी न काढता ९५ वा शतमानक काढावा, म्हणजे शंभरातल्या सर्वांत मंद पाच विनंत्या कोठून सुरू होतात ते कळते.

इशारे किती टक्क्यांवर लावावेत?

व्हीसेंटर स्वतःहून ७५ टक्क्यांवर पिवळा आणि ८५ टक्क्यांवर लाल इशारा देते. लहान डेटास्टोअरला हे ठीक आहे. २ टीबीच्या ८५ टक्क्यांनंतर ३०० जीबी उरतात, तर ४० टीबीच्या ८५ टक्क्यांनंतर ६ टीबी उरतात. दोघांना एकच घंटा लावणे तर्काला धरून नाही. अधिक उपयोगी प्रश्न असा की गेल्या दोन आठवड्यांच्या वेगाने ही जागा किती दिवसांत संपेल? तीस दिवस राहिले तर खरेदीची फाइल हलवावी, सात राहिले तर व्हीएम हलवावीत. ज्यांना निविदा काढून डिस्क घ्याव्या लागतात, त्यांनी तीसऐवजी नव्वद धरावे.

सेफमध्ये (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणाऱ्या साठवण प्रणालीत) टक्क्यांना वेगळाच अर्थ आहे. तेथे ८५ टक्क्यांवर इशारा मिळतो, ९० टक्क्यांवर त्या डिस्कवर पुनर्भरण (गेलेल्या प्रती पुन्हा भरणे) थांबते आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबते. आता चार नोडचे (सर्व्हरचे) क्लस्टर घ्या, प्रत्येक नोड ७० टक्के भरलेला. वरकरणी सगळे छान आहे. एक नोड गेला की त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो आणि प्रत्येक नोड ९३ टक्क्यांकडे सरकू लागतो, म्हणजे ९० ची वेस ओलांडताच दुरुस्ती अर्ध्यावर अडकते. चार नोडच्या क्लस्टरमध्ये खरी मर्यादा ६५ टक्क्यांच्या आतच आहे. तीन नोडवर तीन प्रती ठेवणाऱ्यांना तर नोड गेल्यावर तिसरी प्रत ठेवायला जागाच नसते. ते क्लस्टर नोड परत येईपर्यंत दोन प्रतींवर चालते.

एलव्हीएम-थिन (लिनक्समधली थिन डिस्कची सोय) वापरणाऱ्यांनी डेटाबरोबर मेटाडेटाची (कोणता ब्लॉक कोठे आहे या नोंदींची) टक्केवारीही पाहावी. ती स्वतंत्रपणे भरते, आणि भरली की संपूर्ण पूल अडचणीत येतो. झेडएफएस ८० टक्क्यांच्या पुढे मंदावू लागते.

आणखी एक गोष्ट तांत्रिक नाही, पण सांगायला हवी. इशाऱ्याचे मेल कोणाच्या पत्त्यावर जातात ते आजच उघडून पाहावे. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पेटीत नऊ हजार न वाचलेले इशारे साचलेले मी पाहिले आहेत. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, याहून वेगळे तेथे काही चालले नव्हते.

देखरेख व्हीएमच्या आत एजंट बसवून करावी की बाहेरून?

दोन्हीकडून, कारण वर सांगितलेल्या तिन्ही वह्या एका जागेवरून वाचता येत नाहीत. लिनक्समधल्या एखाद्या विभाजनात फक्त २ टक्के जागा उरली आहे हे हायपरव्हायझर आपणहून पाहू शकत नाही, आणि खालचा डेटास्टोअर भरत आला आहे हे आतल्या एजंटला कधीच कळत नाही.

देखरेखीचा सर्व्हर मात्र ज्यावर देखरेख करायची त्याच डेटास्टोअरवर ठेवू नये. महिनाअखेरच्या त्या संध्याकाळी आम्हाला एकही इशारा आला नव्हता, कारण इशारे पाठवणारे व्हीएम त्याच डेटास्टोअरवर होते आणि तेही सगळ्यांबरोबर थबकले होते. जुना डेस्कटॉप वेगळा ठेवून त्यावर देखरेख चालवली तरी चालते. त्याशिवाय दर काही मिनिटांनी ‘मी जिवंत आहे’ असा निरोप बाहेरच्या एखाद्या सेवेकडे जावा आणि तो थांबला की तिकडून फोन वाजावा, अशी व्यवस्था करावी.

स्टोरेजकडे दोन वाटा आहेत. एक बंद पडली तर कळते का?

सहसा आपणहून लक्षात येत नाही, आणि मल्टिपाथिंगचा (एकाहून अधिक वाटा ठेवण्याचा) हाच तोटा आहे : एक केबल निघाली तरी काम चालू राहते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. सहा महिन्यांनी दुसरा स्विच देखभालीसाठी बंद केला जातो आणि मग सगळेच जाते. मेलेल्या वाटेचा इशारा वेगळा लावावा आणि तो लाल रंगाचाच असावा. सर्व वाटा गेल्यास ईएसएक्सआय १४० सेकंद प्रयत्न करत राहते व नंतर त्या उपकरणाकडे जाणाऱ्या, व्हीएमच्या सोडून इतर विनंत्या नाकारू लागते. राउंड रॉबिन (वाटा आळीपाळीने वापरण्याच्या) धोरणात एका वाटेवर १००० विनंत्या पाठवल्यावर दुसरी वाट घेतली जाते. अनेक ॲरे उत्पादक हा आकडा १ करायला सांगतात. आपल्या ॲरेच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते पाहूनच बदल करावा.

व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सकडे जाताना स्टोरेजच्या बाबतीत काय बदलते?

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरचा ताबा घेतला आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले, तेव्हापासून हा प्रश्न जवळपास रोज येतो. व्हीएम उचलून आणणे आता अवघड राहिलेले नाही. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्येच ईएसएक्सआयवरून आयात करण्याची सोय आहे. अडचण येते ती सामायिक ॲरेची. व्हीएमएफएससारखी, अनेक होस्टनी एकाच वेळी वापरायची तयार क्लस्टर फाइल सिस्टिम तेथे नाही. आयस्कझी किंवा फायबर चॅनेलवर (ॲरेला जोडण्याच्या दोन पद्धतींवर) सामायिक एलव्हीएम लावता येते, पण त्यात डिस्क थिक होतात, आणि स्नॅपशॉटची सोय २०२५ मधल्या ९.० आवृत्तीत आली तीही प्रायोगिक स्वरूपात. १७ टीबीच्या डिस्क वाटून १० टीबीवर चालवणाऱ्यांना त्यामुळे स्थलांतराच्या आदल्या दिवशी ७ टीबी रोख मोजावे लागतात. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून देणारी पद्धत) किंवा सेफकडे वळल्यास हा प्रश्न सुटतो. सेफसाठी मात्र वेगळे आणि वेगवान नेटवर्क हवे, गिगाबिटवर ते चालवण्याच्या फंदात पडू नये.

ॲरेवर २० टीबी दिले, व्हीस्फिअरमध्ये १८.१९ टीबीच दिसतात. उरलेले कोठे गेले?

कोठेही गेलेले नाहीत. ॲरे एका टीबीत दहाचा बारावा घात इतके बाइट मोजतो, व्हीस्फिअर दोनचा चाळिसावा घात इतके मोजते आणि दोघेही त्याला टीबीच म्हणतात. आपल्या तक्त्यात दोन्हींपैकी कोणते एकक वापरले आहे, ते पहिल्या ओळीत लिहून ठेवावे.